पावसाळाभर वापरून पाहिलं: जाळ्या, मोरीचे ट्रॅप, झुरळांचं जेल आणि वाळवीचं औषध

आमचा रत्नागिरीत तळमजल्यावर फ्लॅट आहे. मागच्या बाजूला नारळ-पोफळीचं आगर आणि चिऱ्याचा गडगा. पाऊस लागला की त्या आगरातले सगळे जीवजंतू कोरड्या जागेच्या शोधात निघतात आणि पहिली कोरडी जागा आमचीच असते. यंदा मे महिन्यातच बसून यादी केली आणि खर्च केला: खिडक्यांना जाळ्या, मोऱ्यांना ट्रॅप, स्वयंपाकघरात झुरळांचं जेल, चौकटींना वाळवीचं औषध, आणि यजमानांच्या हट्टापायी प्लगमध्ये लावायचं एक अल्ट्रासॉनिक यंत्र (आपल्याला न ऐकू येणाऱ्या आवाजाने किडे पळवतो म्हणणारं). आता हस्त सरत आलाय, म्हणून लिहायला घेतलं. माझ्या हिशेबाने किडे मारायच्या वस्तूंपेक्षा त्यांना अडवायच्या वस्तूंनी पैसे जास्त वसूल केले.

यंत्राचं आधी उरकते. निळा दिवा छान लागतो, बाकी काही होत नाही. त्याच्या शेजारून मुंग्यांची रांग गेलेली सगळ्या घराने पाहिली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या यंत्रांच्या साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना २००१ मध्येच ताकीद दिली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. आपल्याकडे मात्र ती अजून धडाक्यात खपतात.

आता जाळ्या. बेडरूमच्या दोन खिडक्यांना वेलक्रोची जाळी लावली आणि हॉलच्या सरकत्या खिडकीला ॲल्युमिनिअमच्या फ्रेममधलं जाळीचं तिसरं दार करून घेतलं. वेलक्रोची स्वस्त पडते, आपल्या हाताने लावता येते, काढून धुता येते. पण पश्चिमेच्या खिडकीवर थेट झड येते, तिथे आर्द्रा संपायच्या आत पट्टीचा गोंद सुटला आणि येताना भिंतीच्या रंगाचा पापुद्रा घेऊन आला. पूर्वेच्या खिडकीची पट्टी अजून जशीच्या तशी आहे. म्हणजे झडीच्या बाजूला वेलक्रोवर पैसे घालू नका, आणि लावायचीच असेल तर भिंत उन्हाने खडखडीत वाळलेली असताना, एप्रिल-मेमध्येच लावा.

फ्रेमची जाळी महाग, पण तिला तोड नाही. फायबरग्लासची, इंचाला १८ बाय १६ घरांची. डास आत येत नाही, वाराही बऱ्यापैकी लागतो, थोडा अडतो एवढंच. ट्यूबखाली जमणारे अगदी बारीक किडे मात्र तिच्यातूनही येतात. सरकत्या खिडकीत एक गोम आहे (खरी गोम नव्हे, तिच्याकडे नंतर येते). काच अर्धवट उघडी ठेवली की काच आणि जाळी यांच्यामध्ये बोटभर फट राहते आणि डास तिथून आरामात शिरतो. काच पूर्ण एका टोकाला सारायची आणि दाराच्या कडेला ब्रशची पट्टी आहे ना ते बसवणाऱ्याकडून पाहून घ्यायचं. खालच्या पट्टीत पाणी जायला भोकं असतात, झुरळं आणि मुंग्या तिथूनही चढतात. आमचा कारागीर ती सिलिकॉनने बुजवायला निघाला होता. बुजवली असती तर झडीचं पाणी हॉलमध्ये आलं असतं. त्यावर जाळीचे चिमुकले तुकडे चिकटवून घेतले.

जाळीचा खरा फायदा दिवसा कळतो. डेंग्यूचा डास, तो पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावतो, आणि आपण मशीन लावतो रात्री. ती लिक्विडची मशीन आमच्याकडे आहे, पण खिडक्या सताड उघड्या असल्या की तिचा असर जाणवत नाही. आणि बंद खोलीत रात्रभर ती हवा घेणं सासूबाईंना सोसत नाही. स्वस्त बिननावाच्या अगरबत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. नोंदणी झालेल्या कीटकनाशकाच्या वेष्टनावर सीआयआर, म्हणजे सरकारी नोंदणीचा, क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर आत काय जळतंय हे कुणालाच ठाऊक नसतं.

आणि घरातच पैदास असेल तर जाळी काय करणार? हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं ते त्याच हिशेबाने. भांडी नुसती ओतून भागत नाही, घासावी लागतात, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. कुंड्यांखालच्या बशा सगळ्यांनाच आठवतात. फ्रिजच्या मागे, खाली, पाण्याचा एक ट्रे असतो, तो ओढून बघा. आमच्या शेजारच्या काकूंनी बघितला, आणि त्यांची दिवेलागणीची किंकाळी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली.

झुरळांकडे वळते. मोठी तांबडी झुरळं आणि ओट्याखालची बारीक फिकट झुरळं ही दोन निराळी प्रकरणं आहेत, उपायही निराळे. मोठी राहतात गटारात आणि चेंबरमध्ये. जोराचा पाऊस झाला, चेंबर भरलं, की मोरीतून वर येतात. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखालच्या वाकड्या भागात साठून राहणारं, पाणी त्यांना अडवतं, पण पाहुण्यांच्या न्हाणीघरात आठवडेच्या आठवडे पाणी पडत नाही, ते पाणी आटतं आणि रस्ता मोकळा. म्हणून तिथे दर दोन-चार दिवसांनी तांब्याभर पाणी ओतते, आणि सगळ्या मोऱ्यांना स्टीलची वाटीवाली जाळी, म्हणजे यादीतला तो ट्रॅप, बसवून घेतली. ही या वर्षीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारी खरेदी. वाटीत केस आणि साबणाचा गाळ अडकतो, आठवड्याला उपसावा लागतो. नाहीतर पाणी तुंबतं आणि त्याच गाळावर चिलटं धरतात. वॉशिंग मशीनची नळी मोरीत खुपसलेली असेल तर तिच्याभोवतीची फट रबरी बुचाने बंद करायला विसरू नका. मोऱ्यांमधल्या डांबरगोळ्या मी बंद केल्या. वास आपल्यालाच येतो, झुरळांना फरक पडत नाही, आणि घरात तान्हं मूल असेल तर नॅफ्थलीन जवळ नकोच.

बारीक झुरळांवर मात्र जेलच. मानेवर दोन काळ्या रेघा असतात ती. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत अंगावर वागवते, एका पिशवीत तीसेक अंडी, त्यामुळे चपलेने मारून ती संपत नाहीत. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्क्यांचं जेल आणलं. सिरिंजमधून मुगाएवढे ठिपके द्यायचे: कपाटाच्या बिजागरीपाशी, सिंकच्या खाली, ओट्याच्या कडप्प्याच्या खालच्या अंगाला, फ्रिजच्या मोटरजवळ. ते खाऊन झुरळ जागच्या जागी मरत नाही, बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा नि मढं खाऊन बाकीची मरतात. किळसवाणं आहे, पण काम होतं. आठवडाभरात दिवसाही उलटी पडलेली दिसू लागली, श्रावणापर्यंत ओटा रात्रीही मोकळा. लावायला आलेला मुलगा म्हणाला होता, “ताई, आता वरून स्प्रे मारू नका, नाहीतर ती जेलकडे फिरकणारच नाहीत.” हे खरं आहे. त्रास दोन: फ्रिजमागचे ठिपके उष्णतेने वाळतात, दीड-दोन महिन्यांनी नवे द्यावे लागतात, आणि गोड असल्यामुळे मुंग्या येऊन फस्त करतात. मोठ्या झुरळांवर याचा काही प्रभाव दिसला नाही.

वाळवी म्हणजे पावसाळ्यातली आमची खरी धास्ती. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला दिव्याभोवती पंखवाले थवे येतात ते वाळवीचेच. ते बाहेरून आले तर दिवे मालवून जाळी ओढली की भागतं. गॅलरीतला पांढरा दिवा काढून पिवळसर लावला, त्याने गर्दी बरीच कमी झाली. पण बंद घरात चौकटीच्या पायथ्याशी गळलेले पंख सापडले किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या, तर वसाहत तिथेच कुठेतरी आहे असं समजा. आमच्याकडे नळ्या होत्या. भिंत आणि लादीच्या सांध्यात ड्रिलने भोकं पाडून औषध सोडतात आणि पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या घरांसाठीची पद्धत दिली आहे, भोकं साधारण ३० सेंटिमीटरवर. आमच्याकडे आलेल्या मंडळींनी हात सैल सोडून दुप्पट अंतरावर खुणा केल्या होत्या, टेप धरून उभी राहिले तेव्हा सुधारल्या. औषधाचा डबा सीलबंद आणायला सांगा आणि समोर फोडायला लावा. चौकट सध्या कोरडी आहे, नवी नळी दिसलेली नाही, पण वाळवीच्या औषधाला एका पावसाळ्यात गुण देणं म्हणजे पेपर तपासायच्या आधी निकाल लावणं.

ती गोम राहिली. गोम, पैसा किडा आणि गांडुळं दाराखालच्या फटीतून येत. दाराच्या तळाला रबराची पट्टी ठोकली, येणं जवळजवळ थांबलं. दाराशी पडलेला पालापाचोळा मात्र झाडावाच लागतो.

धान्याचं थोडक्यात. तांदळातल्या टोक्यांसाठी कुणी अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या, म्हणजे गोदामातल्या त्या ‘पावडरीच्या गोळ्या’, आणून दिल्या तर घरात घेऊ नका. दमट हवेत त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसांचा जीव घेतो. घरगुती वापराला त्यांना परवानगीही नाही. मी तांदूळ थोडा थोडा आणते, चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

वर्षभराच्या कराराचा फोन येऊन गेला, दर तीन महिन्यांनी घरभर फवारणी. नको म्हटलं. जाळी नि ट्रॅप असताना फवारणी कशाला हवी, याचं उत्तर पलीकडून मिळालं नाही. फक्त वाळवीच्या कामाची वॉरंटी लेखी मागितली आहे, कुठलं औषध आणि किती लिटर हे त्यात लिहून. ती अजून आलेली नाही.