काळ्या मातीच्या अंगणात आर्टिफिशियल लॉन टाकून घेतलं, काम कसं झालं ते सांगते

अंगणात पाणी तुंबतं म्हणून आर्टिफिशियल लॉन टाकायचा विचार चालला असेल आणि जमीन काळी असेल तर आधी एवढं ऐका, पाणी गवतामुळे निघत नाही, गवताखाली जे काम होतं त्यामुळे निघतं. आम्ही नाशिकच्या म्हसरूळला राहतो, इकडे प्लॉट पडायच्या आधी मळेच होते त्यामुळे बंगल्याभोवती अस्सल काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत पाय टाकला की चप्पल आतच राहते. पाऊस उघडून कडक ऊन पडलं तरी वाफसा म्हणून यायचा नाही. त्यात समोरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून रस्ता गेटपेक्षा उंच झालाय, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायचं सोडा, बाहेरचंच आत येतं. खरी हिरवळ लावून बघितली होती, मुळं कुजून पिवळी पडली.

चौकशी केली तेव्हा बऱ्याच टर्फवाल्यांचं एकच, वरचं साफ करतो, दोन इंच कच (दगडाचा बारीक चुरा) टाकतो, रोल अंथरतो, एका दिवसात मोकळे. पाणी कुठे जाणार विचारलं की म्हणे मॅटला खाली भोकं असतात. असतात ना, पेन्सिल जाईल एवढी असतात, पण त्यातून गेलेलं पाणी पुढे काळ्या मातीवरच जाऊन बसणार. ही माती ओली झाली की फुगते आणि फुगली की वाटा बंद, मग पाणी जिरतच नाही म्हटलं तरी चालेल. वरून हिरवंगार दिसणार आणि खाली रेंदा, वास, डास. असं काम कृपा करून कोणी करून घेऊ नका.

ज्यांना काम दिलं त्यांचा सुपरवायझर आला तो आधी लेव्हल पाईप घेऊन. गटार, गेट, ओटा, मागची भिंत सगळ्याच्या लेव्हल खुणा केल्या आणि म्हणाला, "ताई, गटार तुमच्या अंगणापेक्षा वर आहे, तिकडे पाणी जाणार नाही, इथंच जिरवावं लागेल." म्हणून मागच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला, आणि मला यांचं काम पटलं ते इथे. काळ्या मातीतच खड्डा करून सोडला तर तो हौद होतो, एकदा भरला की भरलेलाच. यांनी काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेला, मुरूम लागल्यावर त्यात बादल्या ओतून पाणी उतरतंय का ते माझ्यासमोर बघितलं, मगच डबर (मोठे दगड) भरलं. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण असाच प्रकार बहुतेक ठिकाणी, पण मुरूम किती खाली लागेल हे प्रत्येक प्लॉटचं वेगळं, तेव्हा खोदून बघितल्याशिवाय कोणाच्या कोटेशनला हो म्हणू नका.

बाकी अंगणातली वरची सहा-सात इंच माती उचलली, जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, ते अंथरलं (हे वाचवू नकाच, नाहीतर चिखल वर आणि खडी खाली जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सगळं एक होतं), मधोमध चर काढून भोकं पाडलेला चार इंची पाईप कापडात गुंडाळून शोषखड्ड्यापर्यंत नेला, वर २० एमएमची खडी, मग बारीक ग्रिट, मशीनने दाबून. भुकटीवाली कच नाही वापरली कारण ती दाबली की सिमेंटसारखी बसते आणि पाणी अडवते. ढाळ दहा फुटाला सव्वा इंच. गच्चीचा पाईप अंगणात पडायचा तो वेगळा काढून थेट खड्ड्यात सोडला, नुसत्या तेवढ्यानेच निम्मा त्रास गेला असं मला वाटतं. बिलात गवतापेक्षा खालच्या कामाचे पैसे जास्त लागले आणि ते लागायलाच हवेत.

आता यंदाच्या पावसात काय झालं, तर मुसळधार पडला तेव्हा वर पाण्याची चकाकी दिसली, पाऊस ओसरल्यावर थोड्या वेळात पाणी गेलेलं. सासूबाई सकाळी तुळशीपर्यंत कोरड्या पायाने जातात, मला तेवढंच पाहिजे होतं.

तक्रारी आहेतच. तुळशी वृंदावनाजवळचा जॉइंट उघडला, रोल साडेसहा फुटी असतो त्यामुळे जोड येणारच, पण तिथे टेपवर ग्लू नीट ओढला नव्हता आणि गवताची लवसुद्धा उलट्या दिशेला होती, बाजूला उभं राहिलं की पट्टा वेगळाच दिसायचा. फोन करकरून माणूस आला, तुकडा बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण यायला फार वेळ लावला. दुसरं म्हणजे ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी यावर अनवाणी पाय ठेववत नाही, खऱ्या गवताचं तसं होत नाही, पाणी मारलं की थोडा वेळ गार आणि परत तापलं. हे यांनी आधी सांगायला पाहिजे होतं, लहान मुलं असलेल्या घराला तर नक्कीच. म्हणून पाचपैकी चार.

आणि सगळं अंगण झाकू नका हो, खालच्या मातीत मग गांडूळ नाही काही नाही. आम्ही भिंतीकडेचा पट्टा जास्वंद, मोगरा, कढीपत्त्याला मोकळा ठेवलाय, तिथली माती तशीच आहे, चिकट तर चिकट, झाडं छान आहेत.

काम मे महिन्यातच उरकून घ्या. एकदा पाऊस लागला की काळी माती दाबताच येत नाही, मशीनला गोळे चिकटतात, आणि ठेकेदार घाईत तसंच वर कापड टाकून मोकळा होतो.