तीन धुण्यांत उतरलेली चकाकी

गाडीवरचे ओरखडे पॉलिशने काढून घ्यायला दिलेली गाडी घरी आणली त्या संध्याकाळी बॉनेटमध्ये मला माझ्या कानातले डूल दिसत होते. चौथ्या आठवड्यात, तिसऱ्यांदा धुतल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं पसरलेलं दिसलं. आधी होतं तेवढंच. शिवाय त्यावर एक नवी भर पडली होती: पॉलिशचं मशीन ज्या वाटेने फिरलं त्या वाटेचे धुरकट पट्टे, आपण हललो की तेही हलणारे. याला होलोग्राम म्हणतात, हे मला नंतर कळलं. पैसे मोजून मी ओरखडे काढून घेतले नव्हते, झाकून घेतले होते, हेही नंतरच कळलं.

गाडी काळी, गडद निळी, गडद हिरवी असेल तर हे वाचा. आपल्यासारख्यांना बनवायला फार अक्कल लागत नाही.

आधी माझी चूक. ओरखडे मीच पाडले होते. रोज सकाळी निघताना कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, फडकं तेच, महिनोन्महिने. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. म्हणजे मी रोज गाडीला अगदी बारीक पॉलिश पेपर मारत होते आणि वर स्वतःला टापटिपीची समजत होते. हे ओरखडे गोल दिसतात म्हणून त्यांना स्वर्ल म्हणतात, पण ते गोल नसतात. ते वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यातले जे उजेडाच्या ठिपक्याभोवती आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात. काळ्या पाटीवर खडूची रेघ उठून दिसते, तसं गडद रंगावर ते उठतात, इतकंच.

तर मी एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी घासून-पॉलिश करून चकचकीत करणाऱ्या, दुकानात गेले. छताला ट्यूबांच्या रांगाच रांगा, जमीन आरशासारखी. मालकाने बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, ''मॅडम, तीन टप्प्यांचं करेक्शन करू, वर ९एच सिरॅमिक कोटिंग. शंभर टक्के जाणार. नख अडकतं ना, तोसुद्धा.''

करेक्शन म्हणजे मशीनने घासून ओरखडे काढणं, सिरॅमिक कोटिंग म्हणजे त्यावर चढवायचा संरक्षक थर. तिथेच उठायला हवं होतं. नख अडकणारा ओरखडा पॉलिशने सुरक्षितपणे जात नाही, कारण पॉलिश काही भरत नाही. ते आजूबाजूचा थर खाली उतरवतं, ओरखड्याच्या तळापर्यंत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून मोजलं तर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाहूनही पातळ. घासायचं ते एवढ्यातूनच, आणि ऊन थोपवणारी रसायनंही याच थरात. एकदा घासून गेला की तो परत येत नाही, गाडी पुन्हा रंगवल्याशिवाय. पण ''शंभर टक्के'' ऐकल्यावर माणूस मायक्रॉन विचारत नाही.

सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी तयार. मला तेव्हा कौतुक वाटलं, किती झटपट! खरं तर आख्ख्या गाडीचं तीन टप्प्यांचं करेक्शन एका दिवसात होत नाही, त्यातून गडद गाडीचं तर नाहीच. दारांच्या काळ्या रबरावर पांढरी वाळलेली रेघ होती, घासायचं कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, न पुसता राहिलेली. तीही पाहिली आणि सोडून दिली. मालकाने मगभर पाणी बॉनेटवर ओतलं. थेंब मोत्यासारखे घरंगळले. ''बघा मॅडम, कोटिंग!'' मी टाळ्या वाजवायच्याच राहिले होते.

आता त्या मगाचं हसू येतं. एक तर साध्या मेणावरूनही थेंब तसेच पळतात. आणि दुसरं म्हणजे खरं सिरॅमिक नुकतंच लावलं असेल तर पहिले काही तास, शक्यतो दिवसभर, त्याला पाणी लागू द्यायचं नसतं. जो मनापासून कोटिंग लावतो तो संध्याकाळी त्यावर मग ओतत नाही.

महिन्याभराने जाळं परत दिसलं तेव्हा फोन केला. पहिला प्रश्न मलाच: ''तुम्ही धुतलीत कशी? दोन बादल्या घेतल्या होत्या का?'' घेतल्या होत्या. एक साबणाची, एक हात खळबळायची, दोन्हींच्या तळाशी जाळी, नवीन मायक्रोफायबरचा हातमोजा, त्यांनीच विकलेला. मग सूर बदलला. ''घेऊन या, मेंटेनन्स करून देतो, फुकट.'' फुकट म्हटल्यावर मी गेले. हा माझा दुसरा मूर्खपणा, आणि पहिल्यापेक्षा महाग पडलेला.

त्या दिवशी काचेपलीकडून मी काम पाहिलं. एक पोरगा रोटरी मशीन, म्हणजे पॅड नुसतं गरगर फिरवणारं मशीन, घेऊन बॉनेटवर वाकला होता. बॉनेटच्या कडेला पत्रा जिथे वळतो तिथे तो बराच वेळ थांबला, कारण तिथला ओरखडा हटत नव्हता. मशीन उचललं तेव्हा पिवळ्या फोमच्या पॅडवर काळं कडं उमटलं होतं. मला वाटलं, बघा, किती घाण निघाली! समाधान वाटलं, अगदी खरं सांगते. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला लागणारा चिकटा पांढरट असतो. काळ्या गाडीला घासताना पॅड काळं झालं तर ती घाण नव्हे, तो गाडीचा रंग. क्लिअर कोट संपून मशीन खाली पोचलेलं असतं. आणि नेमकं कडेलाच हे होतं. तिथे थर मुळात पातळ असतो, फिरत्या पॅडचा सगळा दाब तेवढ्याच रेघेवर येतो, पत्रा लगेच तापतो. जाणते लोक कडेला आधी चिकटपट्टी लावतात. तिथे पट्टी नव्हती.

चाळीस मिनिटांत गाडी पुन्हा आरसा. दोन आठवड्यांत पुन्हा जाळं. आणि आता कडेवर बोटभर लांबीचा एक निस्तेज पट्टा, पाणी पडलं की दिसेनासा होणारा आणि वाळलं की परत वर येणारा.

मग मी दुसऱ्या एका माणसाकडे गेले. जागा अंधारी, ट्यूब दोनच, त्याने त्याही बंद केल्या. एकच टॉर्च पेटवला आणि बॉनेटवर तिरपा धरला. छताला रांगेने ट्यूब असल्या की उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि बारीक ओरखडे त्यात विरघळून जातात. एकाच ठिकाणाहून येणारा उजेड, सूर्य असो की टॉर्च, त्यांना सोडत नाही. पहिल्या दुकानाची झगझगीत रोषणाई कशासाठी होती ते तिथे कळलं.

त्याने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डाव्या अर्ध्या भागावर पाण्यात पातळ केलेलं, तेल-मेण काढणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं आणि मऊ कापडाने दोन-तीनदा टिपून घेतलं. उजव्या भागाला हात लावला नाही. मग टॉर्च. उजवीकडे धूसर पट्टे आणि त्यातून थोडंफार जाळं. डावीकडे जाळंच जाळं, काल पाडल्यासारखं लख्ख.

''फिलर आहे ताई,'' तो म्हणाला. ''तेल भरलंय. नदीतला गोटा ओला असताना कसा तुकतुकीत दिसतो? वाळला की खरखरीत. तसंच.''

त्या एका वाक्यात माझ्या दोन्ही खेपांचा उलगडा झाला. अशा भरणा करणाऱ्या पॉलिशला ग्लेझ म्हणतात. त्यातलं तेल-मेण ओरखड्याच्या चरीत बसतं. प्रकाश त्यातून जवळजवळ क्लिअर कोटमधून जातो तसाच जातो, म्हणून चर चमकायची थांबते. दोन-तीनदा शॅम्पूने धुतलं की भरणा निघून जातो, चर जिथल्या तिथे. ग्लेझ वापरणं ही फसवणूक नाही, हेही सांगते. गाडी उद्या प्रदर्शनात उभी करायची आहे, किंवा थर इतका पातळ झालाय की घासणं धोक्याचं, तर ग्लेझ हा शहाणपणाचा उपाय आहे. त्याला करेक्शन म्हणून विकणं ही फसवणूक.

कोटिंगचं विचारलं तेव्हा त्याने एका दाराचा तुकडा कडक शॅम्पूने धुतला आणि पाणी ओतलं. थेंब नाहीत, पाणी सपाट पसरलं. ''मळ बसला तरी खरं कोटिंगही थेंब धरत नाही, म्हणून एवढ्यावरून शपथ नाही घेणार. पण आत्ता धुऊन स्वच्छ केलंय आणि वय दोन महिने. मला तरी इथे काही दिसत नाही.'' हे असं मोजून-मापून बोलणं पहिल्या दुकानात मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मग जाडी मोजायचं मीटर. टपावर ११८, दारांवर ११० ते ११६, बॉनेटच्या मधोमध ९१, आणि कडेच्या त्या पट्ट्यावर ६८. माझ्या पोटात गोळा. पण त्याने इथेही घाई केली नाही. हे मीटर पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर कोट किती ते सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही. कारखान्यातूनही पॅनलापॅनलात फरक असतो. ''आधीचे आकडे असते तर त्यांना पकडता आलं असतं,'' तो म्हणाला. आधीचे आकडे नव्हते. पहिल्या दुकानात मीटर भिंतीवर छान टांगलेलं होतं, माझ्या गाडीला ते कधी लागलं नाही.

या ९एचबद्दल थोडं, कारण यात मी पुरती गंडले. मालक म्हणाला होता, हिऱ्याचा कठीणपणा १०, आमच्या कोटिंगचा ९. हिऱ्याचे १० ते मोज यांच्या मापावर, जे खनिजांसाठी १८१२ साली तयार झालं. त्यावर ९ म्हणजे माणिक-नीलम ज्या खनिजाचे असतात ते कुरुंद. ९एचमधला ९ तिथला नाहीच. तो पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या पेन्सिलीवर एचबी, २एच असतं ना, तेच. वेगवेगळ्या पेन्सिली ठराविक दाबाने पृष्ठभागावर ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडत नाही ते बघायचं. ९एच ही त्या मालिकेतली सगळ्यात कडक पेन्सिल, पण शेवटी ग्रॅफाइट आणि चिकणमातीच. वाळूतला क्वार्ट्झ मोजच्या मापावर ७, कुठल्याही पेन्सिलीच्या कितीतरी पुढे. शिवाय कोटिंगची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉन. त्याने धुणं सोपं होतं, मळ कमी चिकटतो, रसायनांपासून थोडं रक्षण मिळतं. ओरखडे थांबत नाहीत. हिऱ्याचं नाव घेऊन पेन्सिल विकणारा माणूस चुकून तसं बोलत असेल यावर माझा विश्वास नाही.

पैसे मागायला गेले. ''हे ओरखडे आधीचेच कशावरून? नंतर पडले असतील.'' खरंच, कशावरून? आधीचा एकही फोटो मी काढला नव्हता. नंतरचे होते, त्यांनीच काढलेले, त्यांच्याच ट्यूबांखाली. कडेच्या पट्ट्यावर उत्तर: ''कंपनीचा रंगच कच्चा होता.'' शेवटी मी एकच हट्ट धरला. माझ्या गाडीला जे लावलं त्या कोटिंगची बाटली दाखवा, बॅच नंबर लिहून द्या. आधी ''संपली'', मग ''दुसऱ्या शाखेत आहे'', मग साहेब बाहेर गेलेत. तिसऱ्या फेरीत कोटिंगपुरते पैसे गुपचूप परत आले, बदल्यात हमीचं कार्ड मागून घेतलं. कार्डाचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता, आणि त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत दर सहा महिन्यांनी पैसे भरून मेंटेनन्स केलं नाही तर हमी रद्द, असं होतं. म्हणजे दर सहा महिन्यांनी ताजं तेल भरायचं, आणि दर वेळी थोडा थर उतरवायचा.

आता कोणाच्या हातात गाडी देण्याआधी मी उन्हात तिरपे फोटो काढते आणि प्रत्येक पॅनलचे आकडे त्यांच्यासमोर कागदावर लिहून घेते. आधी एका कोपऱ्यात वीतभर जागेवर काम करून दाखवा, मग ते अल्कोहोलने पुसा, मग गाडी उन्हात काढा, असं सांगते. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही, तो स्वतःच आधी तो वीतभर तुकडा करून बघतो, कारण कोणतं पॅड आणि कोणतं पॉलिश लागेल हे त्यालाही त्यातूनच कळतं. कपाळाला आठी पडली की मी किल्ली परत घेते.

त्या दुसऱ्या माणसाने दारं आणि मागचा भाग केला, दोन दिवस घेऊन, डबल अॅक्शन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हेलकावणाऱ्या, मशीनने, सगळ्यात मऊ पॅड आणि पॉलिशपासून सुरुवात करून. बॉनेटला त्याने मशीन लावलंच नाही. ''तिथे आता घासायला काही शिल्लक धरू नका. रंगवायचं असेल तेव्हा रंगवा.'' जाळं पूर्ण गेलं नाही, दारांवर टॉर्च मारला तर अजून तुरळक रेघा दिसतात, आणि त्या दिसणार असं त्याने आधीच सांगितलं होतं.

ड्रायव्हरच्या दारावर मुठीच्या खाली एक लांब ओरखडा आहे, नख अडकतं असा. मी बोट ठेवून विचारलं, ''आणि हा?'' त्याने नख फिरवलं, मान हलवली आणि पॅड खोक्यात परत ठेवलं.

''तो राहू दे ताई.''