पब्लिश ऑर पेरिश: फुकट मिळणारे, पण निगुतीने वापरायचे मोजमाप

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांच्या पदोन्नतीची फाईल ग्रंथालयात आली, तेव्हा त्यांचे शोधनिबंध आणि त्यांना मिळालेली सायटेशन (म्हणजे इतर लेखनात घेतलेले त्यांचे संदर्भ) मोजून देण्याचे काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे होते. आडनाव पाटील, आद्याक्षरे एस. एस. मी नाव टाकले, आलेली बेरीज आणि एच-इंडेक्स (जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन आहेत, ती संख्या) कागदावर उतरवला आणि सही करून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक स्वतःच आले आणि संकोचून म्हणाले, ‘‘मॅडम, यातले निम्मे पेपर माझे नाहीत. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस, आणि यात काँक्रीटच्या मजबुतीवरचे पेपर आहेत.’’ चूक सर्वस्वी माझी होती. आकडा कोणत्या ओळींतून तयार झाला हे न पाहताच मी तो उचलला होता. त्यानंतर मी ‘पब्लिश ऑर पेरिश’ ही संगणकप्रणाली वापरू लागले, आणि या कामासाठी ती का घ्यावी व कुठे तिच्यावर विसंबू नये, हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापक ॲन-विल हार्झिंग यांनी २००६ मध्ये ही प्रणाली उपलब्ध करून दिली. वैयक्तिक आणि ना-नफा वापरासाठी ती विनामूल्य आहे. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालते आणि जुन्या संगणकालाही जड जात नाही. तिच्याकडे स्वतःचा माहितीसाठा नाही. गुगल स्कॉलर, क्रॉसरेफ, ओपनॲलेक्स, पबमेड अशा शोधनिबंधांच्या माहितीसाठ्यांत ती आपल्या वतीने शोध घेते आणि हाती लागलेल्या नोंदींचे गणित मांडते. स्कोपस व वेब ऑफ सायन्स हे पर्यायही तिच्यात दिसतात, पण त्यांचे दार वेगळ्या परवानगीशिवाय उघडत नाही. पडद्यावर एकीकडे निबंधांची यादी आणि दुसरीकडे निर्देशांकांचा तक्ता असतो. यादीतील प्रत्येक ओळीपुढे खुणेचा चौकोन आहे. त्यातली खूण काढली की तो निबंध गणतीतून बाद होतो आणि तक्त्यातले आकडे डोळ्यांदेखत बदलतात. माझ्या दृष्टीने तो चौकोन हाच या प्रणालीचा सर्वांत मोठा गुण आहे. काँक्रीटवरचे पेपर असे एकेक करून वगळताना खरा एच-इंडेक्स किती खाली येतो, हे समोरच्या माणसालाही शेजारी बसवून दाखवता येते.

नवीन कुणाला शिकवायचे असेल तर मी गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव टाकायला सांगते, कारण या मोजमापातल्या बहुतेक सगळ्या अडचणी त्या एका नावात भेटतात. नुसते ‘डी. कोसंबी’ असे शोधले तर वडील धर्मानंद यांचे बौद्ध वाङ्मयावरील लेखन आणि मुलाचे गणित यांची सरमिसळ होते. दोन आद्याक्षरे देऊन ती दूर केली, तरी पुढची पायरी शिल्लक राहते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना कोसंबींनी जनुकीय नकाशातील (गुणसूत्रावरील जनुकांच्या जागा दाखवणाऱ्या) अंतर मोजण्याचे जे सूत्र दिले, तो अवघा चार पानांचा निबंध कुणी १९४३ या सालाने उद्धृत करते, तर कुणी १९४४ या. त्यामुळे एकच निबंध वेगवेगळ्या ओळींत विखुरलेला सापडतो, आणि इतिहासावरील ग्रंथांच्या आवृत्त्यांचीही तीच गत होते. अशा वेळी एक ओळ माउसने उचलून दुसरीवर सोडली की दोन्हींची सायटेशन एकत्र होतात. हे काम तांदूळ निवडण्यासारखे आहे. घाई केली की खडा राहतोच.

निवडून झालेल्या यादीकडे पाहिल्यावर विषयांमधला फरक ठळकपणे दिसतो. नकाशाच्या सूत्राचा निबंध पिकांच्या अनुवंशशास्त्रात आजही उद्धृत होतो, तर त्याच सुमारास त्यांनी लिहिलेला फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरचा निबंध त्या मानाने फारच मागे राहतो. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांच्या नावाने रूढ झालेली कल्पना त्यात आधीच मांडलेली होती, तरीही हे घडले. शिवाय सूत्राच्या निबंधाची बेरीजसुद्धा पूर्ण नाही, कारण अनेक संशोधक ‘कोसंबी फलन’ (म्हणजे हेच सूत्र) वापरले, एवढेच लिहितात आणि संदर्भयादीत नाव देतात ते नकाशा काढणाऱ्या संगणकप्रणालीचे. माणूस एक, लेखणी एक, पण गणित, अनुवंशशास्त्र आणि इतिहास या तिन्ही क्षेत्रांत उद्धृत करण्याच्या सवयी निराळ्या. अशा तिन्हींची मिळून आलेली एकच बेरीज कशाची म्हणायची?

या प्रश्नावर प्रणालीने एक तोड काढली आहे. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-इंडेक्स तर ती देतेच, पण त्याशिवाय प्रत्येक निबंधाची सायटेशन त्याच्या लेखकसंख्येने भागून नवा निर्देशांक काढते आणि तो संशोधकाच्या कारकिर्दीच्या वर्षांनी पुन्हा भागते. समजा, रसायनशास्त्रातील सहा लेखकांच्या निबंधाला ६० सायटेशन आहेत आणि गणितातील एकट्याच्या निबंधाला १२. नेहमीच्या हिशेबात गणितज्ञ कुठल्या कुठे मागे पडतो. भागाकारानंतर मात्र रसायनवाल्याच्या वाट्याला १० येतात आणि गणितज्ञाचे १२ कायम राहतात. वर्षांनी भागल्यामुळे दहा वर्षांपूर्वी लागलेल्या प्राध्यापिका आणि निवृत्तीला आलेले विभागप्रमुख यांचीही तुलना थोडी रास्त होते. थोडीच, असे म्हणते. कारण काही क्षेत्रांत संदर्भयाद्याच लांबलचक असतात, त्यामुळे तिथे सायटेशनचा ओघ मुळातच मोठा असतो, आणि लेखकांच्या संख्येने भागून तो फरक जात नाही. स्कोपसमध्ये त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या लेखनाशी तुलना करून जागतिक सरासरी १ धरणारे मोजमाप मिळते. या प्रणालीत तसे काही मला सापडलेले नाही, आणि विज्ञान व कला शाखांची एकत्र यादी करताना ही उणीव जाणवते.

सहलेखनाच्या बाबतीत तर खास जपून राहावे. गुगल स्कॉलरच्या निकालात लांबलचक लेखकयादी छाटून येते आणि पुढे नुसती टिंबे असतात; प्रणाली समोर दिसतील तेवढीच नावे मोजते, म्हणजे भाजक लहान होतो आणि प्रत्येकाचा वाटा फुगतो. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस या सर्न प्रयोगशाळेतील दोन आंतरराष्ट्रीय गटांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी मजकुराची पाने नऊ, बाकी सगळी नावे आणि संस्थांची. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस गटात असल्याने हे उदाहरण आपल्यापासून फार दूरचेही नाही. अशा निबंधात आपल्या माणसाचा वाटा चार जणांत मोजला गेला, तर निर्देशांकाला काही अर्थ उरत नाही. भौतिकशास्त्र विभागाचे काम असेल तेव्हा मी स्कॉलरऐवजी ओपनॲलेक्स निवडते. सायटेशन कमी दिसतात आणि मग तक्रारी येतात, पण लेखकसंख्येच्या बाबतीत ते जास्त भरवशाचे वाटते.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांसाठी मात्र यात फारसे हाती लागत नाही. कित्येक मराठी संशोधनपत्रिकांना डीओआय (क्रॉसरेफसारख्या संस्थांकडे नोंदवलेला निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) नाही, त्यामुळे क्रॉसरेफमधून त्या येत नाहीत. स्कॉलरमध्ये नाव देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये निराळ्या स्पेलिंगने एकदा, असे दोनदा शोधावे लागते. आमच्या मराठी विभागप्रमुखांना मी हा तक्ता देतच नाही. त्यांची यादी मी हातानेच करते.

किरकोळ गोष्टी सांगायच्या तर स्कॉलरच्या एका शोधात जास्तीत जास्त १,००० नोंदी मिळतात, आणि लागोपाठ शोध घेतले की मनुष्य असल्याचा पुरावा मागितला जातो, म्हणून आठ-दहा प्राध्यापकांची नावे एका बैठकीत उरकण्याचा हट्ट धरू नये. निकाल एक्सेलमध्ये उतरवता येतात. मी ती फाईल शोधाच्या तारखेसह जपते आणि प्राध्यापकांची सही तिच्यावरच घेते, निर्देशांकावर नाही.

कोसंबींचा शोध माझ्या संगणकावर अजून जतन केलेला आहे. ते १९६६ मध्ये गेले, परंतु प्रणाली कारकिर्दीची वर्षे पहिल्या प्रकाशनापासून आजपर्यंत मोजते. त्यामुळे मी तो शोध दरवर्षी नव्याने चालवते तेव्हा सायटेशन वाढलेली असतात, आणि भाजकातले वर्षही एकाने वाढलेले असते.