डाळिंबी दोरा, फिरता पंखा आणि तापलेला स्लॅब: सीलिंगमधले लाइट निवडताना

अमळनेरला आमच्या घराचा वरचा मजला यंदा पूर्ण झाला. पीओपीचं सीलिंग ठरलं आणि त्यात बसवायचे लाइट मी निवडायचे असंही ठरलं, कारण त्या उजेडात सगळ्यात जास्त वेळ मीच बसते. मी घरी ब्लाउज शिवते. आखाजीच्या आधी आणि लगीनसराईत रात्री अकरापर्यंत मशीन चालू असतं. पॅनल (चपटा, सगळीकडे उजेड पसरवणारा), सीओबी (एका ठिपक्यातून झोत टाकणारा), थ्री-इन-वन (रंग बदलणारा) आणि डीप लाइट (स्लॅबमधल्या बॉक्समध्ये बसणारा) हे चारही प्रकार आता आमच्या घरात किंवा नात्यात वापरात आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत पक्कं झालंय, ते सांगते.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ ताई?" वॅटवरून वीज किती लागेल ते कळतं. उजेड लुमेनवर मोजतात. १२ वॅटचा चांगला पॅनल १२०० लुमेनच्या आसपास देतो, तेवढ्याच वॅटचा हलका माल ९००लाच अडकतो. बॉक्सवर लुमेन छापलेले नसतील तर तो लाइट मी घेत नाही.

शिवणाची खोली १० बाय १२ फूट. तिथे १२ वॅटचे चार बॅकलिट पॅनल लावले, ४००० केल्विनचे, सीआरआय ९० च्या वरचे. केल्विनवरून उजेडाची छटा कळते, आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. बॅकलिट म्हणजे एलईडी पांढऱ्या काचेच्या मागे सगळीकडे पसरलेले असतात. त्याच्या शेजारी दुकानात जो एकदम पातळ पॅनल मिळतो, त्यात एलईडी फक्त कडेला असतात आणि आतली प्लास्टिकची पाटी तो उजेड मधोमध पोचवते. दिसायला तो सुरेख. पण पाटी हलक्या प्लास्टिकची असेल तर काही वर्षांत पिवळी पडते. खालच्या मजल्यावर आमच्याकडे असाच जुना पॅनल आहे. पांढरा म्हणून आणलेला, आज त्याचा उजेड मळकट दिसतो. जिथे कापडाचा रंग बघायचा तिथे असा लाइट चालत नाही.

रंगाचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझं सगळं काम मॅचिंगवर आहे. लाइट बघायला गेले तेव्हा पर्समध्ये दोऱ्याची दोन रिळं नेली होती, एक डाळिंबी आणि एक मरून. दुकानदाराला सांगितलं, दोन पॅनल शेजारी शेजारी लावून दाखवा. सीआरआय ८० च्या पॅनलच्या उजेडात दोन्ही रिळं जवळजवळ एकाच तपकिरी छटेची दिसली. सीआरआय ९० च्या उजेडात डाळिंबी डाळिंबी दिसला आणि मरून मरून. याचं कारण असं की सीआरआयचा आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढतात, आणि गडद लाल त्या आठांत येत नाही. त्याचा आकडा आर-९ म्हणून वेगळा असतो, तो बहुतेक बॉक्सवर छापलेला नसतो. म्हणून ८० चा लाइट कागदावर बरा असूनही लग्नाच्या शालूवर फसवतो. ९० चा पॅनल साध्याच्या जवळपास दीडपट किमतीला पडला. मोरपिशी, वांगी, राणी, चटणी हे रंग रोज हाताळणाऱ्या बाईला ती किंमत जास्त नाही.

६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड आपल्याकडे सगळ्यांना आवडतो. "लख्ख दिसतं" म्हणतात. माझ्या डोळ्यांना तो रात्री टोचतो आणि क्रीम रंगाचं अस्तर पांढरं दाखवतो. ४००० हा शिवणाला योग्य.

दुसरी परीक्षा मोबाइलची. कॅमेरा स्लो मोशनवर लावून लाइटकडे धरायचा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारी डबी, हलका आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा लाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही, डोकं मात्र दुखतं. मोटर लावलेल्या मशीनचं चाक अशा उजेडात बघा, आऱ्या थांबल्यासारख्या किंवा उलट फिरल्यासारख्या दिसतात. सुईजवळ बोटं ठेवून काम करणाऱ्याने असा लाइट घरात आणूच नये.

एवढं करूनही फक्त सीलिंगच्या उजेडावर बारीक शिलाई होत नाही, हे स्पष्ट सांगते. चार पॅनलचे ४८०० लुमेन, खोली साधारण ११ चौरस मीटर. भिंती आणि कपाटं खातात ते वजा जाता टेबलावर अडीचशे-तीनशे लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) उरतो. शिलाईच्या कामाला ७५० लक्स सांगतात. म्हणून मशीनवरचा छोटा दिवा मी काढलेला नाही. खोलीत सारखा उजेड पॅनल देतात, टाक्याजवळचा तो दिवा देतो.

आता पंख्याचं. आमच्याकडे वर्षातले आठ महिने पंखा बंद होत नाही. नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर, म्हणजे मधल्या दांड्यापासून पातं दोन फूट लांब. लाइट त्या घेराच्या वर आला की पात्यांची सावली सबंध खोलीभर लपलपत राहते. आमच्या इलेक्ट्रिशियनने नक्षीच्या हिशोबाने चारही लाइट मधल्या चौकात काढून दिले होते. मी म्हटलं, "दादा, पंख्यापासून तीन फूट सोडा, मग नक्षी बघू." त्याने ते लगेच ऐकलं आणि भोकं पाडायच्या आधी पंख्याच्या हुकापासून टेप लावून खुणा केल्या. भोकाचं मापही आधी लाइट घरात आणून मगच घ्यावं. १२ वॅटचा म्हटला तरी प्रत्येक कंपनीचं कटआउट थोडं वेगळं असतं. भोक मोठं झालं की स्प्रिंगची क्लिप पीओपीची कड उकरते आणि पॅनल लोंबतो.

खान्देशात लाइट घेताना सगळ्यात जास्त लक्ष ड्रायव्हरकडे द्या असं मी म्हणेन. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. वरच्या मजल्यावर डोक्यावर थेट स्लॅब. तो दिवसभर तापतो, संध्याकाळी खाली धग सोडतो, आणि नेमकं तेव्हाच आपण लाइट लावतो. स्लॅब आणि सीलिंगच्या मधल्या कोंडलेल्या पोकळीत ड्रायव्हरची डबी पडलेली असते. एलईडी सहसा टिकतात, ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेने सुकतो आणि लाइट गेला असं आपण म्हणतो. बॉक्सवर कामाचं तापमान लिहिलेलं असतं, ते ४५ पेक्षा कमी असेल तर आमच्या भागात घेऊ नये. आणि ड्रायव्हर सुटा, पिनने जोडलेला असावा, म्हणजे पुढे तेवढाच बदलता येतो. बदलताना त्यावरचे आकडे जुळवायचे. माझ्या पॅनलच्या ड्रायव्हरवर ३०० एमए (मिलिअँपिअर) आणि २४ ते ४२ व्होल्ट असं आहे. नुसतं १२ वॅट सांगून आणलेला ड्रायव्हर पॅनल जाळू शकतो. बॉक्सवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. सीलिंगमधल्या एलईडी लाइटना आयएस १०३२२ हे मानक लागू आहे. वळवाच्या पावसात आमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, किती केव्हीपर्यंत (हजार व्होल्टपर्यंत) सोसतो हेही विचारून घेतलं.

स्वयंपाकघरात प्रश्न जागेचा होता. आधी खोलीच्या मधोमध एकच मोठा लाइट होता आणि ओट्याशी उभं राहिलं की उजेड पाठीवर पडायचा. सासूबाई भाकरी थापताना म्हणायच्या, "मना हातवर मनीच सावली पडस." आता ओट्याच्या कडेच्या बरोबर वर ८ वॅटचे तीन पॅनल एका रांगेत आहेत आणि कळण्याच्या भाकरीची कडसुद्धा नीट दिसते. इथे मात्र कडेने एलईडी असलेला बंदिस्त पातळ पॅनलच घेतला. पहिल्या पावसानंतर जी पाखरं येतात ती फटीच्या लाइटमध्ये शिरून मरतात आणि काचेवर काळे ठिपके साचतात. पाटी चांगल्या ॲक्रिलिकची आहे का ते विचारून घेतलं आहे.

हॉलच्या बाबतीत सासऱ्यांचा शब्द होता. विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली, आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. लाइट विप्रोचेच हवेत म्हणाले, तेच लावले, आणि चांगले चालले आहेत. सीओबी मी फक्त भिंतीसाठी ठेवला. त्याचा झोत अरुंद असतो, ३६ अंशांच्या आसपास, तर पॅनलचा ११०-१२०. भिंतीपासून सव्वा फुटावर दोन सीओबी लावले तर फोटो आणि टेराकोटाची भिंत उठून दिसते. बसायच्या जागेवर सीओबी नको. सोफ्यावर मान टेकली की तो सरळ डोळ्यात येतो. घ्यायचाच तर एलईडी आत खोल बसवलेला घ्या, आणि सीलिंगच्या वर तीन-चार इंच जागा आहे का ते आधी मोजा. देवघरात एकच ५ वॅटचा, ३००० केल्विनचा. समईच्या उजेडाशी तो भांडत नाही.

बेडरूममध्ये थ्री-इन-वन घेतला, म्हणजे बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो. एक लाइट असेल तर ठीक. जावेच्या खोलीत एका बटणावर चार आहेत आणि वीज क्षणभर गेली-आली की दोन पिवळे, दोन पांढरे होतात. मग बटण थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावावं लागतं. मी चारांसाठी तो घेणार नाही.

पारोळ्याला माझ्या बहिणीकडे सीलिंगच नाही, नुसता स्लॅब. तिथे स्लॅबमधल्या तीन इंची जंक्शन बॉक्समध्ये बसणारे ७ वॅटचे डीप लाइट लावले. तोडफोड शून्य, खर्च कमी, पॅसेज आणि बाथरूमला उत्तम. ड्रायव्हर आतच असतो, त्यामुळे बिघडला की आख्खा लाइट बदलायचा. म्हणून तिने त्याच मॉडेलचे दोन जास्तीचे आणून कपाटात ठेवलेत. मॉडेल बदललं की नव्या लाइटची चकती जुन्या डागापेक्षा लहान निघते आणि छतावर रंग मारायची वेळ येते.