बजेट ऐकायचं असेल तर जिनिंगजवळच्या काकाजींच्या हॉटेलात जा

हिंगणघाटवरून वडनेरकडे निघालं की हायवे सोडून जिनिंगकडे (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) एक रस्ता आत वळते, त्याच्या तोंडावरच हे हॉटेल आहे. पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालं, आजूबाजूच्या गावातले सगळे लोक काकाजीचं हॉटेल म्हणतात तर मीही तेच लिहितो. कापसाच्या गाड्या सीझनमध्ये इथंच लाईनीत लागतात म्हणून गर्दी असते, पण मी हा रिव्ह्यू लिहून राहिलो तो 1 फेब्रुवारी 2021 च्या सोमवारसाठी, केंद्राचं बजेट होतं त्या दिवशी मी अकराच्या आधीपासून तिथं बसलो होतो आणि टीव्हीवरच्या एकाही एक्सपर्टकडून जे समजलं नाही ते तिथं पोहे खाता खाता समजलं.

आधी खायचं सांगतो. तर्री पोहे तेव्हा 20 रुपये प्लेट होते. तर्री खरी चण्याची आहे, नुसतं लाल तेल वरून ओतलेलं नाही, चणे मऊ पण फुटलेले नाही, वर बारीक कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), आणि लिंबू दुसऱ्यांदा मागितलं तरी तोंड वाकडं करत नाही. मिरचीचे भजे ऑर्डर दिल्यावरच तळतात त्याच्यानं थोडं थांबा लागते, पण थांबाच. आलुबोंडा ठीक आहे, त्यासाठी वाकडी वाट करायची गरज नाही. कट चहा तेव्हा 5 रुपये होता, आलं भरपूर. प्यायचं पाणी झाकलेल्या माठात, ग्लास धुतलेले. लॉकडाऊनमध्ये हे हॉटेल कितीतरी महिने बंद होतं, उघडल्यावर काकाजींनी प्लेटीचा भाव वाढवला नाही, हे मला मनापासून आवडलं कारण तेलाचे भाव कुठं गेले ते सगळ्यांच्या घरी माहीत आहे.

टीव्ही मोठा आहे आणि आवाज पूर्ण ठेवतात. अकराला भाषण सुरू झालं तेव्हा आत बसायला जागा नव्हती. शेतकरी, जिनिंगचे हमाल, दोन-तीन ट्रॅक्टरवाले, एक रिटायर गुरुजी जे रोज सकाळी इथंच पेपर वाचतात, आणि पुण्यातून काम सुटून घरी आलेले चार-पाच पोट्टे. त्या पोट्ट्यांकडे पाहिलं की मंदी काय असते ते समजते. तेव्हाच्या आकड्यांनुसार देशाचा जीडीपी एप्रिल ते जून 2020 मध्ये 23.9 टक्के खाली गेला, त्याच्या पुढच्या तिमाहीत साडेसात टक्के खाली, आणि त्या दोन्ही तिमाहीत शेती मात्र 3.4 टक्के वाढलेली होती. गुरुजींनी हे आकडे तोंडपाठ सांगितले आणि म्हणे, सगळं बंद होतं तेव्हा वावर चालू होतं, म्हणून आज पाहायचं की वावराला काय भेटते.

आणि खरंच तसंच पाहिलं लोकांनी, मला यासाठीच हे हॉटेल आवडते. टीव्हीवर सेन्सेक्स वर वर चालला होता, संध्याकाळपर्यंत 2,314 पॉइंट वाढला, अँकर खूश. हॉटेलात त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला 5,976 कोटी म्हटल्यावर एक-दोन जणांनी मान हलवली, चांगलं आहे म्हणाले, झालं.

कापसाचं नाव आलं तेव्हा मात्र भजे तळणाराही बाहेर येऊन उभा राहिला. हमीभावाच्या खरेदीत कापूस शेतकऱ्यांना 2013-14 मध्ये 90 कोटी भेटले होते आणि यंदा जानेवारीपर्यंत 25,974 कोटी, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या. एका शेतकऱ्यानं लगेच विचारलं, "गुरुजी, पैसे आले हे खरं आहे, माह्या पुतण्याचा चुकारा आला, पण ज्याचा कापूस बोंडअळीनं खराब झाला त्याचं काय?" प्रश्न बरोबर होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या सीझनला क्विंटलला 5,825 रुपये होता पण तो चांगल्या मालाला, ओलावा 8 ते 12 टक्क्यांत पाहिजे, आणि यंदा पावसानं न् अळीनं किती कापूस त्या ग्रेडमध्ये बसला ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग बाहेरून येणाऱ्या कापसावर 10 टक्के ड्युटी लावली, आधी काहीच नव्हती, हे ऐकून टाळ्या पडल्या. गुरुजींनी समजावलं की बाहेरून येते त्यातला बराचसा कापूस अतिलांब धाग्याचा, इजिप्त-अमेरिकेकडचा असते, तो आपल्या पऱ्हाटीला (कपाशीच्या झाडाला) लागतच नाही, म्हणून लगेच उद्या भाव वाढन असं समजू नका. कोणी नाराज झालं नाही. खोटी आशा लावण्यापेक्षा हे बरं, असंच सगळ्यांचं मत दिसलं, आणि माझंही तेच आहे.

सगळ्यात जास्त वेळ चर्चा झाली ती तेलावर, कारण तिथं हॉटेलवाला आणि गिऱ्हाईक समोरासमोर आले. बाहेरून येणाऱ्या कच्च्या पामतेलावरची बेसिक ड्युटी 27.5 वरून 15 टक्के केली हे स्क्रीनवर आलं तर काकाजींना वाटलं की आता तेलाचा पिपा स्वस्त होईल. मोबाईलवर पाहणाऱ्या एका पोट्ट्यानं सांगितलं, "काकाजी, थांबा, त्याच्यावर 17.5 टक्के शेतीचा सेस, म्हणजे वरून आणखी एक कर, लावला आहे, जोडून पाहा." जोडलं तर साडेबत्तीस झाले, म्हणजे आधीपेक्षा जास्त. काकाजी तिथल्या तिथं गप्प झाले. मग एक सोयाबीनवाला म्हणाला की बाहेरचं तेल महाग झालं तर आमच्या सोयाबीनला भाव भेटन, तुम्ही काहून रडता. त्याच्यावर दुसऱ्यानं विचारलं, "तुह्याजवळ सोयाबीन आहे का आता?" नव्हतं. शेंगा पावसात काळ्या पडल्या, जे हाती आलं ते दिवाळीतच व्यापाऱ्याला गेलं, कर्ज फेडायचं होतं. म्हणजे भाव वाढला तर फायदा गोदामवाल्याचा, आणि तेल मात्र सगळ्यांनाच महाग. इतकी साधी गोष्ट मला एकाही चॅनलवर ऐकायला भेटली नाही.

डिझेलवर लिटरला 4 रुपये सेस आणि पेट्रोलवर अडीच, हे आल्यावर ट्रॅक्टरवाले उठूनच उभे राहिले. गुरुजींनी त्यांनाही बसवलं. एक्साइज, म्हणजे केंद्राचा इंधनावरचा आधीचा कर, तितकीच कमी केली म्हणून पंपावरचा भाव आज वाढत नाही, पण सेसचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, पूर्ण केंद्राकडे राहते, आणि आपला रस्ता न् आपला दवाखाना राज्याच्या पैशानं होते हे ध्यानात ठेवा म्हणाले.

2008 ची गोष्ट निघणारच होती. 29 फेब्रुवारी 2008 च्या बजेटमध्ये 60 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे साधारण पाच एकराच्या शेतकऱ्याला होती, त्याच्या वर ज्याचं वावर त्याला 25 टक्के सूट, तीही बाकीचं भरलं तर. आपल्याकडे कोरडवाहू जमीन, सातबाऱ्यावर सात-आठ एकर दिसते पण पिकते किती? तेव्हा बाहेर राहिलेले दोन म्हातारे तिथंच बसले होते. त्यांच्या बोलण्यात अजून राग आहे आणि तो राग मला रास्त वाटते.

आता कमी काय आहे ते. बाया आत बसत नाहीत, बसायला जागाच ठेवलेली नाही. कापूस वेचून आलेल्या बाया ऑटोची वाट पाहत बाहेर उभ्यानं चहा पितात. त्यांच्यातल्याच एका मावशीनं दारातून विचारलं, "रोजगार हमीचं काही सांगितलं का हो?" आतमध्ये एवढा वेळ चर्चा चालू होती पण हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. पोट्ट्यानं शोधून सांगितलं, चालू वर्षी खर्च 1,11,500 कोटींवर गेला आणि पुढच्या वर्षाला 73,000 कोटी ठेवले. मावशी म्हणाली, मग काम कमी भेटन. पुण्याहून आलेला माणूसही तेव्हा गावातच काम मागून राहिला होता, तर कमी करायची ही वेळ नव्हती, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि काकाजींना माझी विनंती आहे की आत एक बाकडं बायांसाठी ठेवा, टीव्हीकडे तोंड करून, कारण त्या दिवसाचा सगळ्यात कामाचा प्रश्न बाहेरून आला.

दुसरं म्हणजे बाथरूम नाही, पंपावर जा लागते. फोनपे चालते. पार्किंगचा त्रास नाही, फक्त सीझनमध्ये गाड्यांची लाईन असते तर टू-व्हीलरच आणा.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या बाकड्यासाठी कापला. 8 मार्च 2021 ला राज्याचं बजेट होतं, तेव्हाही टीव्ही चालू राहणार होता, मी काकाजींना विचारून घेतलं होतं. पोहे बारानंतर संपतात, त्या हिशेबानं या.