दोन सेलवर चालणारा स्थिर-प्रवाह एलईडी ड्रायव्हर : बागेतल्या हातबॅटरीसाठी कसा आहे?

निफाड-दिंडोरीकडे रात्रीच्या विजेवर द्राक्षबागेला पाणी भरताना हातबॅटरीचा उजेड मंदावलेला चालत नाही. बिबट्याचा वावर असेल तर मुळीच नाही. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून घेतलेल्या, नखाएवढ्या ड्रायव्हर बोर्डाविषयी (एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणाऱ्या छोट्या सर्किटविषयी) म्हणूनच सविस्तर लिहीत आहे. दुकानदाराने तो काउंटरवरच एलईडी जोडून पेटवून दाखवला, हे विशेष आवडले.

पांढऱ्या एलईडीला साधारण 3 ते 3.4 व्होल्ट लागतात आणि निकेल-मेटल हायड्राइडचे दोन सेल मिळून 2.4 व्होल्टच देतात. तीन सेल आणि एक रेझिस्टर लावला तर वर जेमतेम 0.4 व्होल्ट उरतात, त्यामुळे सेल किंचित उतरले तरी प्रवाह लगेच घसरतो. हा बोर्ड मात्र कॉइलच्या साहाय्याने व्होल्टेज वाढवतो आणि एलईडीच्या मार्गातील 0.56 ओहमच्या रेझिस्टरवर 0.2 व्होल्ट कायम राखतो, म्हणजे प्रवाह सुमारे 357 मिलिअँपिअर. मीटर लावून पाहिले, तेव्हा सेल 2 व्होल्टपर्यंत उतरले तरी हा आकडा फारसा हलला नाही, आणि माझ्या मते या एका गुणासाठी बोर्ड घ्यावा. रेझिस्टर बदलून 1 ओहमचा लावला, की प्रवाह 200 मिलिअँपिअरवर येतो; सरीतून चालायला तेवढा उजेड पुरतो.

या स्थिर उजेडाचा भार अखेर सेलवरच पडतो. एलईडीची शक्ती 1.1 वॉटच्या आसपास कायम राहत असल्याने, 85 टक्के कार्यक्षमता धरली तर बोर्ड 2.4 व्होल्टला सुमारे 0.56 अँपिअर आणि 2 व्होल्टला 0.67 अँपिअर खेचतो. उतरत्या सेलवर भार वाढतच जातो, उजेड मंदावून इशाराही देत नाही आणि सेल संपत आल्यावर आपोआप बंद होण्याची सोय या बोर्डात नाही. अशा वेळी जोडीतला कमकुवत सेल उलटा चार्ज होऊन कायमचा खराब होऊ शकतो, ही मला गंभीर उणीव वाटते. एलईडीची तार सुटली तर आउटपुटचे व्होल्टेज चढत जाते, म्हणून तारांना सोल्डरचे डाग पक्के द्यावेत.

लिथियम-आयनच्या सेलवर हा बोर्ड लावू नये, कारण पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे 4.2 व्होल्ट कॉइल आणि डायोडमधून थेट एलईडीपर्यंत पोहोचतात व प्रवाहावर ताबा राहत नाही. त्या सेलसाठी दुकानात प्रवाह 350 मिलिअँपिअरवर स्थिर राखणारी एएमसी 7135 ही चिप मागावी.