एमसीआर चप्पल: नडगीच्या ऑपरेशननंतर दुखणाऱ्या तळव्याला कितपत उपयोगी?

नडगीत रॉड किंवा प्लेट बसवली, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसतंय, तरी सकाळी पाऊल टेकलं की टाच आणि चवडा ठणकतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. कित्येक आठवडे पायावर भार नसतो. पोटरी बारीक होते, घोटा आखडतो आणि तळव्याला भार पेलायची सवय राहत नाही. मग सर्जिकलच्या दुकानातून एमसीआर चप्पल घरी येते.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. तमिळनाडूतल्या वेल्लोरला कुष्ठरोगावर काम करणारे सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांच्या काळात कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांना जखमा होऊ नयेत म्हणून याच रबराच्या पादत्राणांवर मोलाचं काम झालं. तळव्यावरचा दाब एका जागी न साठता पसरतो, हा याचा खरा गुण. टाचेखाली किंवा चवड्याच्या हाडांखाली टोचत असेल, तर फरशीवर अनवाणी चालण्यापेक्षा आराम नक्की पडतो.

घेताना कड नीट पाहा. वर मऊ थर आणि खाली कडक रबर, असे दोन थर दिसायला हवेत. वरचा थर अंगठ्याने दाबा: दबला पाहिजे आणि सोडताच वर आला पाहिजे. दबून तसाच राहिला तर घेऊ नका. 'डॉक्टर चप्पल' म्हणून मिळणाऱ्या कित्येक जोडांत नुसता फोम असतो आणि तो लवकर बसतो. माप संध्याकाळी द्या, कारण तेव्हा सूज जास्त असते.

सगळ्यात महत्त्वाचा आहे मागचा पट्टा. उघडी सपाता निसटू नये म्हणून माणूस नकळत बोटं आवळून चालतो. आधीच आखडलेल्या पायाला हे फार महागात पडतं, चवडा आणखी दुखतो. म्हणून वेल्क्रोचा, सूजेप्रमाणे सैल-घट्ट करता येणारा पट्टा असलेली सँडलच घ्यावी. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पट्टा ऑपरेशनच्या व्रणावर घासत नाही ना, हेही पाहा. आणि दोन्ही पायांत घाला. दुखऱ्या पायातच घातली तर त्या बाजूची उंची वाढते, मग कंबर कुरकुरते.

उन्हात वाळवू नका, रबर आकसतं. ओल्या बाथरूममध्येही नको, तळ झिजला की घसरते. टाचेखाली कायमचा खळगा पडला की जोड बदला.

घोटा मोकळा करणं मात्र चपलेच्या हातात नाही. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, 30 सेकंद ताण, असं तीनदा. नंतर गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेच. पायावर पूर्ण भार द्यायची परवानगी मिळाल्यावरच हे करायचं. त्याआधी बसून, चवड्याला टॉवेल अडकवून ओढा.

जळजळ होते, नुसत्या चादरीच्या स्पर्शानेही वेदना होतात, कातडीचा रंग किंवा घाम बदललाय, तर चप्पल बदलत बसू नका, सर्जनला दाखवा. भार देताना हाडाच्या जागीच दुखणं वाढत असेल, व्रणातून पाणी येत असेल, तरीही तेच. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.